राष्ट्रोदय आणि कूटलेख

एकोणिसाव्या शतकास युरोपखंडांतील राष्ट्रोदयाचें शतक म्हणण्याचा प्रघात आहे व तो यथार्थ आहे. १८२१ सालीं ग्रीक लोक तुर्कांविरुद्ध उठले. १८३० सालीं बेल्जियम हॉलंडपासून विभक्त झालें. १८६१ सालीं इटलीचें राज्य स्थापन झालें. १८७१ सालीं जर्मनीचीं शकलें सांधलीं गेलीं. ह्यांपैकीं इटलीची कथा आपल्या घरांतून विशेष परिचयाची आहे. मॅझिनीच्या आत्मवृत्ताचें सावरकरांनीं केलेलें मराठी भाषांतर १९०७ सालीं प्रसिद्ध झालें व सरकारनें त्यावर बंदी घातली. तेव्हांपासून मॅझिनी व गॅरिबाल्डी हीं नांवें महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत आदरानें घेतलीं जाऊं लागलीं.

परंतु ज्या राष्ट्राची कथा येथें सांगावयाची आहे तिच्यांत गॅरिबाल्डीसारखा वीर नाहीं आणि मोठें रणांगणही नाहीं. तिच्यांत आहेत एक वैयाकरण, एक कोशकार, एक इतिहासकार, एक ग्रंथपाल, वर्गणीवर उभें राहिलेलें एक नाट्यगृह आणि चर्मपत्रावर लिहिलेल्या दोन पोथ्या. हें राष्ट्र म्हणजे बोहिमियांतील झेक लोकांचें. ह्या दोन पोथ्यांनीं सुमारें सत्तर वर्षें त्या लोकांस स्वाभिमान शिकविला. आणि अखेर त्या बनावट आहेत असें त्याच लोकांतील विद्वानांनीं चारचौघांत सिद्ध केलें. देशप्रेमासाठीं असत्याचा आश्रय केला तर चालेल काय, आणि असत्य एकदां प्रिय झालें म्हणजे तें टाकावें कसें, हे दोन प्रश्न ह्या कथेच्या पोटांत आहेत. ते एकट्या बोहिमियाचे नाहींत. म्हणूनच ही कथा जरा विस्तारानें सांगण्यासारखी आहे.

बोहिमिया हा मध्य युरोपांत डोंगरांनीं वेढलेला, सुपीक व पुरातन देश. व्ह्लताव्हा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलें प्राग ही त्याची राजधानी. येथें १३४८ सालीं विद्यापीठ स्थापन झालें. ह्याच विद्यापीठांतील यान हुस नांवाच्या धर्मसुधारकानें आपलीं मतें सोडलीं नाहींत म्हणून १४१५ सालीं त्यास कॉन्स्टन्स येथें जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या अनुयायांनीं पुढें कित्येक वर्षें मोठमोठ्या सैन्यांशीं टक्कर दिली. परंतु ८ नोव्हेंबर १६२० रोजीं प्रागबाहेरील ‘पांढरा डोंगर’ नांवाच्या टेकडीवर हॅब्सबुर्ग सम्राटाच्या बाजूच्या सैन्यानें बोहिमियाच्या बंडखोर सरदारांचा अवघ्या दोनएक तासांत पराभव केला आणि देशाचें भाग्य पालटलें. पुढल्या वर्षीं जून महिन्यांत सत्तावीस पुढाऱ्यांचा प्रागच्या चौकांत वध झाला. जमिनी जप्त होऊन नव्या धन्यांस वांटल्या गेल्या. १६२७ च्या राजशासनानें जर्मन भाषेस झेकच्या बरोबरीचें स्थान दिलें. आणि बरोबरीनें आलेली ही भाषा लौकरच वरचढ झाली. जे प्रॉटेस्टंट आपला पंथ सोडीनात त्यांस देश सोडावा लागला. त्यांत कोमेन्स्की, ज्यास युरोप कोमेनियस ह्या लॅटिन नांवानें ओळखतो, तो शिक्षणशास्त्राचा थोर आचार्यही होता. मुलांस चित्रांवरून भाषा शिकविणारें त्याचें पुस्तक १६५८ सालीं निघालें व देशोदेशींच्या शाळांत गेलें. कर्ता मात्र १६७० सालीं परदेशींच वारला.

भाषा एकाएकीं मरत नाहीं. प्रथम ती दरबारांतून जाते, मग विद्यालयांतून, मग सुशिक्षितांच्या बैठकींतून. आणि शेवटीं आईच आपल्या मुलाशीं ती बोलावयास लाजते. झेक भाषेच्या नशिबीं हा सारा उतार आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती खेड्यांतील शेतकऱ्यांची, गाडीवानांची व मोलकरणींची बोली होऊन राहिली होती. ज्यास पुढें यावयाचें तो जर्मन शिके, आणि शिकला कीं बहुधा जर्मनच होऊन जाई. १७८० सालीं गादीवर आलेला सम्राट दुसरा योसेफ हा सुधारक होता. त्यानें भूदासांचीं बंधनें सैल केलीं व भिन्नपंथीयांस धर्मस्वातंत्र्य दिलें. परंतु राज्यकारभार सुटसुटीत व्हावा म्हणून जर्मन ही एकच भाषा कचेऱ्यांत व वरिष्ठ विद्यालयांत चालावी असा त्याचा आग्रह होता. झोपेंतील माणसास कोणी उचलून नेऊं लागला म्हणजे तो जागा होतो, तसें झालें. जी भाषा हळूहळू विझत होती, तिचा कैवार घेणारीं माणसें ह्या आग्रहामुळेंच पुढें आलीं.

त्यांत अग्रपूजेचा मान योसेफ डोब्रॉव्स्की ह्याचा. हा धर्मोपदेशक १७५३ सालीं जन्मला. प्राचीन स्लाव्ह भाषांचें त्याचें ज्ञान इतकें सखोल होतें कीं त्या शास्त्राचा तो जनकच मानला जातो. झेक भाषा व वाङ्मय ह्यांचा इतिहास त्यानें १७९२ सालीं व विस्तृत व्याकरण १८०९ सालीं प्रसिद्ध केलें. आश्चर्य हें कीं, हे दोन्ही ग्रंथ त्यानें जर्मन भाषेंत लिहिले. झेक ही पुन्हां विद्वानांची भाषा होईल अशी त्यास फारशी आशा नव्हती. वैद्यानें आसन्नमरण रोग्याची नाडी निष्ठेनें पाहावी, तसें त्यानें आपल्या भाषेचें व्याकरण लिहिलें; आणि त्या व्याकरणाच्याच आधारानें पुढें रोगी उठून बसला.

उठवून बसविण्याचें काम योसेफ युंगमान ह्या शाळामास्तरानें केलें. एका खेड्यांत गरीब घरीं १७७३ सालीं जन्मलेला हा मनुष्य लिटोमेरित्सेच्या विद्यालयांत शिक्षक असतां मुलांस झेक भाषा विनावेतन शिकवीत असे. खेडवळांची म्हणून हिणविलेल्या ह्या भाषेंत महाकाव्याचा भार पेलण्याची शक्ति आहे, हें दाखविण्यासाठीं त्यानें १८११ सालीं मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’चें भाषांतर केलें. त्यानंतर त्याचा झेक-जर्मन कोश १८३४ ते १८३९ ह्या कालांत पांच खंडांत बाहेर पडला. त्यांत सुमारें एक लाख वीस हजार शब्द आहेत. जुन्या ग्रंथांतून विसरलेले शब्द वेंचावे, खेड्यांतून चालते शब्द गोळा करावे, आणि जेथें शब्दच नसेल तेथें पोलिश व रशियन ह्या भगिनीभाषांकडून उसना घ्यावा किंवा नवा घडवावा, अशी त्याची रीति होती. ‘हवा’ व ‘निसर्ग’ ह्या अर्थांचे आज प्रत्येक झेक मुलाच्या तोंडीं असलेले शब्द अशाच रीतीनें रशियनमधून आलेले आहेत.

संस्कृतज्ञ वाचकांस ह्या भाषेंत घरचीच ओळख पटेल. झेक भाषेंत पाणी म्हणजे ‘वोदा’, जें आपल्या उदकाचें भावंड. भाऊ तो ‘ब्रात्र’. आकाश तें ‘नेबे’, म्हणजे आपलें नभस्. आणि जाणणें ह्या अर्थीं ‘व्हेदेत’, म्हणजे आपला विद् धातु. रसायनशास्त्राची परिभाषा रचतांना त्या काळच्या झेक पंडितांनीं हायड्रोजनास ‘वोदा’वरून ‘वोदिक’ असें नांव दिलें. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं आपल्याकडे डॉ. रघुवीर ह्यांनीं त्याच वायूस ‘उद्जन’ म्हटलें. फरक इतकाच कीं, झेकांचा शब्द शाळेच्या फळ्यावर, दुकानांत व कारखान्यांत रुळला. शब्द कोशांत छापल्यानें जगत नाहीं, तो मुलांच्या तोंडीं बसवावा लागतो, हें त्या मास्तरांस पक्कें ठाऊक होतें.

ह्या कार्यास संस्थांची जोड मिळाली. १८१८ सालीं प्राग येथें देशाचें वस्तुसंग्रहालय निघालें. १८२७ पासून त्याचें झेक नियतकालिक सुरू झालें. १८३१ सालीं लोकांच्या वर्गणीतून झेक ग्रंथ छापण्यासाठीं ‘मातित्से चेस्का’ हा निधि स्थापन झाला. ह्या सर्वांत फ्रान्टिशेक पालाट्स्की ह्याचा हात होता. मोराव्हियांतील एका शाळामास्तराचा हा मुलगा. त्यानें लिहिलेल्या इतिहासाचा पहिला खंड १८३६ सालीं जर्मन भाषेंत निघाला, तेव्हां त्याचें नांव ‘बोहिमियाचा इतिहास’ असें होतें. १८४८ पासून तोच ग्रंथ झेक भाषेंत येऊं लागला, तेव्हां त्याचें नांव ‘बोहिमिया व मोराव्हिया येथील झेक राष्ट्राचा इतिहास’ असें झालें. देशाचा इतिहास तो लोकांचा इतिहास झाला. ह्या नामांतरांत सबंध शतकाची गति सांठविलेली आहे, आणि पुढील अनर्थाचें बीजही त्यांतच आहे. तें मागाहून पाहूं.

त्याच १८४८ सालीं जर्मन राष्ट्रसभेचें निमंत्रण आलें असतां, आपण स्लाव्ह वंशाचे बोहिमियन आहों, जर्मनांच्या सभेंत आमचें काम नाहीं, असें पालाट्स्कीनें पत्र लिहून कळविलें. जूनमध्यें प्रागला स्लाव्ह लोकांची परिषद भरली; तिचा तोच अध्यक्ष. पाठोपाठ शहरांत दंगा उसळला व सेनापति विंडिशग्रेट्स ह्यानें तोफा डागून तो मोडला. कारेल हाव्लिचेक ह्या निर्भीड संपादकास १८५१ च्या डिसेंबरांत घरांतून उचलून दूर आल्प्स पर्वतांतील ब्रिक्सेन येथें नेऊन ठेवण्यांत आलें. तो परत आला व १८५६ सालीं क्षयानें वारला. तरी ह्या सर्व काळांत झेक पुढाऱ्यांची मागणी स्वतंत्र राज्याची नव्हती. ऑस्ट्रियाच्या छत्राखालीं समान हक्क मिळावे एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. १८६७ सालीं हंगेरीस तसे हक्क मिळाले, झेकांस मिळाले नाहींत.

आतां त्या दोन पोथ्यांकडे वळूं. ज्या वर्षांत वस्तुसंग्रहालयाची जुळवाजुळव चालली होती, त्याच सुमारास, १८१७ च्या सप्टेंबरांत, डोब्रॉव्स्कीचा शिष्य वात्स्लाव्ह हांका ह्यानें द्वूर क्रालोव्हे ह्या गांवच्या देवळांत आपणांस चर्मपत्राचीं जुनीं पानें सांपडल्याचें जाहीर केलें. त्यांवर चौदा झेक काव्यें होतीं; कांहीं वीररसाचीं, कांहीं शृंगाराचीं. अक्षरवटिकेवरून तीं तेराव्या शतकांतील ठरविलीं गेलीं. पुढल्याच वर्षीं प्रागच्या मुख्य अधिकाऱ्याकडे निनांवी टपालानें दुसरी पोथी आली. हिला मागाहून झेलेना होरा येथील पोथी असें नांव पडलें. ती तर आणखी कित्येक शतकें मागची, दहाव्या शतकाच्याही आसपासची मानली गेली. लिबुशे नांवाची पुरातन राणी धर्मासनावर बसून भावाभावांच्या वांटणीचा न्याय करिते, असा प्रसंग तींत होता.

ह्या लाभाचें मोल त्या लोकांस काय वाटलें असेल ह्याची कल्पना करावी. ज्यांस रोज ‘तुमच्या भाषेंत आहे काय?’ असें हिणविलें जात होतें, त्यांच्या हातीं एकाएकीं जर्मनांच्या प्राचीन महाकाव्यांशीं स्पर्धा करील असें धन आलें. आपल्या पूर्वजांस लेखनकला, कायदा व काव्य हीं जर्मनांच्या आधींपासून अवगत होतीं, असें त्यांवरून म्हणतां येऊं लागलें. खुद्द गटे ह्या जर्मन महाकवीनें त्यांतील एका गीताचें रूपांतर केलें. युरोपांतील अनेक भाषांत भाषांतरें झालीं. चित्रकारांनीं त्यांतील प्रसंग रंगविले, शिल्पकारांनीं वीर घडविले, शाळांतून मुलांनीं कवनें पाठ केलीं. हांका वस्तुसंग्रहालयाचा ग्रंथपाल झाला व लोकांच्या आदरास पात्र झाला.

पहिली शंका घेतली ती वृद्ध गुरूनेंच. पहिली पोथी डोब्रॉव्स्कीनें खरी मानली होती. परंतु दुसरी पाहतांच हें आपल्याच शिष्यमंडळींचें कृत्य आहे असें त्यास वाटलें, आणि १८२४ सालीं त्यानें ती कूटलेख आहे असें छापून प्रसिद्ध केलें. उत्तरादाखल त्यास पुराव्याऐवजीं शिव्या मिळाल्या. तो जर्मनांत राहून जर्मन झाला, त्यास स्वजनांचा उत्कर्ष पाहवत नाहीं, असें त्याच्याविषयीं बोललें जाऊं लागलें. ज्यानें त्या भाषेचें व्याकरण लिहिलें, त्याच्यावर त्या भाषेच्या द्वेषाचा आरोप आला! १८२९ सालीं तो वारला. पुढें १८४० सालीं पालाट्स्कीसारख्या इतिहासकारानेंही शाफारिकसमवेत पोथीचें मंडन केलें. १८५८ सालीं प्रागच्या एका जर्मन वृत्तपत्रानें हांकावर उघड आरोप केला, तेव्हां त्यानें फिर्याद केली व न्यायालयानें संपादकास दोषी ठरविलें. १८६१ सालीं हांका मानमरातबानें स्वर्गवासी झाला. न्यायालयाचा निर्णय आणि लोकांचें प्रेम हीं दोन्ही असत्याच्या बाजूस होतीं.

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. राष्ट्र उभें राहात होतें तें ह्या पोथ्यांवरच नव्हे. त्याचें खरें बळ पाहावयाचें असेल तर प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाकडे पाहावें. १८६८ च्या मे महिन्यांत त्याची कोनशिला बसविली गेली, तेव्हां देशाच्या निरनिराळ्या पुण्यस्थळांहून शिळा वाजत गाजत आणल्या होत्या. शेतकऱ्याच्या पैपैसाठवणीपासून सर्व थरांतील लोकांच्या देणग्या जमल्या. ११ जून १८८१ रोजीं स्मेतानाच्या ‘लिबुशे’ ह्या संगीतनाटकानें नाट्यगृह उघडलें, आणि दोन महिन्यांत, १२ ऑगस्ट रोजीं, आगीनें त्याचा कोळसा झाला. एखादें राष्ट्र कपाळास हात लावून बसलें असतें. झेकांनीं सत्तेचाळीस दिवसांत सुमारें दहा लाख गुल्डन जमविले, आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजीं तेंच नाटक त्याच जागीं पुन्हां झालें. रंगमंचाच्या माथ्यावर दोन शब्द कोरले आहेत. त्यांचा अर्थ ‘राष्ट्रानें स्वतःसाठीं’. तें ‘लिबुशे’ नाटक प्रथम जर्मन भाषेंत लिहिलें गेलें होतें व मागाहून त्याचें झेक करण्यांत आलें, आणि स्वतः स्मेतानाही जर्मन शिक्षणांत वाढून प्रौढपणीं झेक लिहावयास शिकला. शिवाय लिबुशेची आख्यायिका बाराव्या शतकांतील कोस्मास ह्या बखरकाराच्या ग्रंथांत आहेच. म्हणजे जें खरें होतें तें पोथीवांचूनही होतें. हें मात्र लोकांच्या ध्यानांत यावयाचें होतें.

१८८२ सालीं प्रागच्या विद्यापीठाचे झेक व जर्मन असे दोन भाग झाले. झेक विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचा अध्यापक म्हणून तोमाश मासारिक आला. १८५० सालीं मोराव्हियांत एका गाडीवानाच्या पोटीं जन्मलेला व कांहीं दिवस लोहाराच्या हाताखालीं राबलेला हा तरुण. त्यानें ‘आथेनेउम’ नांवाचें चिकित्सक मासिक काढलें. १८८६ च्या फेब्रुवारींत त्यांत यान गेबाउअर ह्या झेक भाषेच्या अध्यापकाचा लेख आला. पोथ्यांची पुन्हां शास्त्रीय परीक्षा व्हावी असें त्यांत म्हटलें होतें. हा गेबाउअर स्वतः पूर्वीं त्या प्रमाण मानीत असे. निःसंशय जुन्या अशा शेंकडों लेखांतील रूपें तपासतां तपासतां त्यास असें दिसून आलें कीं, ह्या दोन पोथ्यांचें व्याकरण इतर कोठेंही जुळत नाहीं. जुळतें तें १८१७ च्या सुमारास विद्वानांस जुन्या भाषेविषयीं ज्या कल्पना होत्या त्यांच्याशीं, आणि त्या कल्पनांतील चुकांशींही! उदाहरणानें सांगावयाचें तर, आज कोणीं वैदिक सूक्त म्हणून एखादी रचना पुढें आणावी, आणि तींतील आर्ष रूपें वेदांशीं न जुळतां शंभर वर्षांपूर्वींच्या एखाद्या शालेय व्याकरणांतील मुद्रणदोषांशीं जुळावीं, असाच हा प्रकार. पाठोपाठ इतिहासाच्या बाजूनें यारोस्लाव्ह गोल ह्यानें व समाजस्थितीच्या बाजूनें मासारिकनें पुरावा मांडला.

जो गदारोळ झाला त्याचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. मासारिकवर देशद्रोहाचा आरोप झाला. देश सोडून जा, असें वृत्तपत्रांनीं बजावलें. जुने मित्र दुरावले. परंतु विरुद्ध पक्षाचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नव्हतें, म्हणून तें नीट मांडलें पाहिजे. ते म्हणत: आम्ही लहान लोक, सभोंवार बलाढ्य शेजारी. ह्या पोथ्यांनीं आमच्या दोन पिढ्यांस जागें केलें. त्या खोट्या असल्या तरी त्यांनीं केलेलें काम खरें आहे. आज त्या खोट्या म्हटल्या तर शत्रु हंसेल व आमचीं पोरें विचारतील कीं, हें खोटें तर बाकीचें खरें कशावरून? घरांतील लांच्छन चव्हाट्यावर आणूं नये.

मासारिकच्या बाजूचें उत्तर थोडक्यांत असें कीं, शत्रु हंसेल म्हणून भिणारानें हें ध्यानांत ठेवावें कीं शत्रूस तें आधींच ठाऊक आहे. ठाऊक नाहीं तें फक्त आपल्या पोरांस. आपण होऊन खोटें टाकलें तर तें राष्ट्राचें शील ठरेल; दुसऱ्यानें तें उघडकीस आणलें तर तीच राष्ट्राची नाचक्की होईल. पोरांच्या प्रश्नासही हेंच उत्तर. जे आपलें खोटें आपण टाकतात, त्यांच्या बाकीच्या खऱ्यावर विश्वास बसतो. डोब्रॉव्स्कीचें व्याकरण, युंगमानचा कोश, पालाट्स्कीनें दप्तरें धुंडाळून जमविलेलीं कागदपत्रें, आणि शेतकऱ्यानें नाट्यगृहास दिलेलें नाणें हें खरें द्रव्य होतें. त्यांत दोन खोटीं नाणीं मिसळलेलीं राहिलीं असतीं, तर पारखणारा सर्वच थैली परत करता.

अनुभवानें कोणता पक्ष खरा ठरला? पोथ्यांचें कूटत्व विद्वानांनीं मान्य केलें आणि झेक राष्ट्र बुडालें नाहीं. उलट, ज्यानें लोकप्रीति गमावून सत्य सांगितलें त्याच्याकडेच राष्ट्र अखेर वळलें. १८९१ सालीं मासारिक व्हिएन्नाच्या लोकसभेंत निवडून गेला. १८९९ सालीं हिल्स्नर नांवाच्या एका गरीब ज्यू तरुणावर ख्रिस्ती मुलीचा धर्मविधीसाठीं वध केल्याचा आरोप आला, तेव्हां ह्या अंधश्रद्धेविरुद्धही तो एकटा उभा राहिला आणि विद्यार्थ्यांनीं त्याच्या वर्गांत दंगा केला. महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ च्या अखेरीस त्यानें देश सोडला व चार वर्षें परदेशांत राहून स्वातंत्र्यासाठीं खटपट केली. २८ ऑक्टोबर १९१८ रोजीं झेकोस्लोव्हाकियाचें स्वतंत्र राज्य उद्घोषित झालें, आणि एके काळीं ‘चालता हो’ म्हणून हिणविलेला हा अध्यापक त्याचा पहिला अध्यक्ष होऊन १९३५ पर्यंत त्या पदावर राहिला. ह्या राज्यानें आपल्या अध्यक्षाच्या ध्वजावर जें बोधवाक्य घातलें त्याचा अर्थ ‘सत्याचा जय होतो’ असा आहे; हुसच्या परंपरेंतून तें आलें. आपल्या राजमुद्रेवर मुण्डकोपनिषदांतून घेतलेल्या बोधवाक्याचा अर्थही हाच, हें वाचकांस सांगावयास नको.

येथेंच कथा संपविली असती तर ती गोड झाली असती, परंतु पूर्ण झाली नसती. पालाट्स्कीच्या ग्रंथाच्या नामांतराचा उल्लेख वर केला आहे. देशाचा इतिहास तो एका भाषेच्या लोकांचा इतिहास झाला, तेव्हां त्याच देशांत शतकानुशतकें राहणाऱ्या दुसऱ्या भाषेच्या लोकांचें काय? बोहिमियांत पांचांत सुमारें दोन माणसें जर्मन भाषा बोलणारीं होतीं. तेही त्याच मातीचे. १८९७ सालीं पंतप्रधान बाडेनी ह्यानें बोहिमियांतील अधिकाऱ्यांस दोन्ही भाषा आल्या पाहिजेत असा हुकूम काढला, तेव्हां जर्मनांनीं एवढे दंगे केले कीं त्याचें मंत्रिमंडळ कोसळलें. शेजाऱ्याची भाषा शिकण्यांतही ज्यांस अपमान वाटतो, त्यांचें एकत्र नांदणें कठीण. १९१८ नंतर तीसएक लाख जर्मन नव्या राज्यांत मनाविरुद्ध राहिले. १९३८ सालीं त्यांच्याच नांवानें हिटलरनें राज्याचा लचका तोडला व १९३९ च्या मार्चांत प्रागही घेतलें. युद्ध संपतांच १९४५-४६ सालीं झेकांनीं बहुतेक सर्व जर्मनांस घरादारांतून उठवून सीमेपार घालविलें. त्यांत अपराध्यांबरोबर निरपराध वृद्ध व मुलेंही होतीं. आणि १ जानेवारी १९९३ रोजीं झेक व स्लोव्हाक हे दोघे भाऊही शांततेनें विभक्त झाले. चर्मपत्रावरील कूटलेख झेकांनीं ओळखला. परंतु ‘ही भूमि एकट्या आमचीच’ हा दोन्ही बाजूंच्या मनांवर लिहिला गेलेला कूटलेख ओळखावयास फार उशीर झाला.

प्रागचा पुण्याशीं असलेला एक खरा ऋणानुबंध सांगून हा लेख पुरा करितों. दुभंगण्यापूर्वींच्या त्या विद्यापीठांत आल्फ्रेड लुडविग हा संस्कृतचा अध्यापक होता. त्यानें ऋग्वेदाचें जर्मन भाषांतर १८७६ ते १८८८ ह्या कालांत प्रागहूनच प्रसिद्ध केलें. त्याच्यानंतर तेथील जर्मन विद्यापीठांत मोरिझ विंटरनिट्झ ह्यानें संस्कृत शिकविलें. महाभारताच्या निरनिराळ्या प्रांतींच्या पोथ्या ताडून शुद्ध संहिता सिद्ध करावी, ही सूचना त्यानें प्रागला येण्यापूर्वीं १८९७ सालीं पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेंत मांडली होती. तें प्रचंड कार्य पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलें, डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनीं त्यास शास्त्रीय बैठक दिली, आणि १९६६ सालीं तें पूर्ण झालें. त्या संहितेंत लहानपणापासून आपल्या कानीं पडलेले कित्येक श्लोक व प्रसंग मूळ पाठांतून वगळून तळटीपांत किंवा परिशिष्टांत गेले. खुद्द व्यासांचा लेखक म्हणून गणपतीची कथाही मूळ संहितेंत राहिली नाहीं. त्यामुळें महाभारताची थोरवी रेसभरही कमी झाली काय? घरोघरीं गणपतीची पूजा थांबली काय? प्रक्षिप्त म्हणजे कूट नव्हे, हा भेद खराच. प्रक्षेप भक्तीनें होतात, कूटलेख हेतूनें. परंतु दोहोंच्या बाबतींत संशोधकाचें कर्तव्य एकच: जें जेव्हांचें, तें तेव्हांचें म्हणून सांगणें.

आपल्या घरांतही जुनीं दप्तरें असतात, कुलवृत्तांत असतात, पूर्वजांच्या पराक्रमाच्या कथा असतात. नातवंडें त्या ऐकावयास बसलीं म्हणजे सांगणाराच्या मनांत चार गोष्टी वाढवून सांगण्याचा मोह होतोच. आजोबांचा आजा पेशव्यांच्या पंक्तीस बसे, असें सांगावयास कोणाचें काय जातें? जातें तें इतकेंच कीं, मूल मोठें होऊन दप्तर उघडील तेव्हां त्यास पंक्तीचा उल्लेख सांपडणार नाहीं, आणि त्याच दप्तरांत आजोबांच्या आजानें दुष्काळांत गांवास धान्य वांटल्याची जी खरी नोंद असेल, तीवरही त्याचा विश्वास बसणार नाहीं. पूर्वजांचें थोरपण जपावयाचें तें ह्या दुसऱ्या नोंदीसाठीं. राष्ट्र म्हणजे मोठें कुटुंबच, आणि त्याच्या दप्तरासही हाच नियम लागू आहे.